तंगीतला पाहुणचार

आमच्या घरांत एक जुनी रीत आहे. दारात मेहमान आला की आधी पिठाच्या डब्यात डोकवायचे नाही. आधी पाण्याचा तांब्या पुढे करायचा, बसायला चटई टाकायची, आणि मग आत जाऊन शेजारणीकडे हळूच वाटी पाठवायची. डबा भरलेला असताना पाहुणचार कोणीही करतो. यजमानाची खरी परीक्षा डबा खडखडत असताना होते. ही गोष्ट घराच्या बाबतीत जशी खरी आहे, तशी ती देशांच्या बाबतीतही खरी ठरू शकते, याचा एक दाखला इतिहासात आहे. तो आहे १९४८ सालच्या लंडन ऑलिम्पिकचा.

त्या वर्षी २९ जुलै ते १४ ऑगस्ट या काळात लंडनमध्ये ५९ देशांचे चार हजारांहून अधिक खेळाडू जमले. इंग्रजी भाषेत या स्पर्धेला ‘काटकसरीचे ऑलिम्पिक’ असेच नाव पडले आहे. आमच्या वाचकांना आणखी एक गोष्ट सांगायला हवी. हिजरी कालगणनेनुसार ते १३६७ साल होते आणि महिना रमजानचा होता. उद्घाटन झाले ते रमजानच्या अखेरच्या अशऱ्यात, आणि ७ ऑगस्टच्या सुमारास, म्हणजे स्पर्धा ऐन रंगात असताना, ईद आली. जुलैअखेरीस लंडनमध्ये सूर्य रात्री नऊच्या आसपास मावळतो. तिथला रोजा सतरा तासांहून मोठा. तुर्कस्तान, इजिप्त, इराण, इराक, अफगाणिस्तान, हिंदुस्थान आणि अवघ्या वर्षभराचा पाकिस्तान, या सर्वांचे खेळाडू त्या दिवसांत तिथे होते.

जिंकलेला आणि उपाशी

महायुद्ध ब्रिटनने जिंकले होते, पण जिंकणाऱ्याच्या घरात धान्य नव्हते. देश कर्जात बुडालेला होता. बॉम्बनी पाडलेल्या घरांच्या जागी अजून मोकळी मैदाने होती. १९४७ चा हिवाळा इतका कडक गेला, की कोळशाअभावी कारखाने बंद ठेवावे लागले आणि घरांत दिवसाचे काही तास वीज तोडावी लागली. रेशनची पुस्तिका प्रत्येकाच्या खिशात होती. चहा, साखर, लोणी, मांस, साबण, कपडे, पेट्रोल, सारे मोजून मापून मिळायचे. युद्ध चालू असताना पावावर रेशन नव्हते. ते युद्ध संपल्यावर, १९४६ च्या जुलैत आले आणि १९४८ च्या जुलैत, ऑलिम्पिकच्या तोंडावर उठले. मांसावरचे रेशन तर १९५४ पर्यंत टिकले.

आमच्या मागच्या पिढीला हे समजावून सांगण्याची गरज नव्हती. मुंबईत १९४३ पासून रेशन सुरू झाले होते. दुकानापुढची रांग, कार्डावरचा शिक्का आणि किडका लाल तांदूळ यांच्या गोष्टी आम्ही वडीलधाऱ्यांकडून ऐकतच मोठे झालो. फरक एवढाच, की त्या काळी आमच्या लोकांना वाटे, रेशन गुलाम देशात असते, साहेबाच्या देशात नसते. रत्नागिरी आणि कुलाबा जिल्ह्यांच्या किनाऱ्यावरून बोटीवर गेलेले आमचे कोकणी खलाशी लंडनच्या गोद्यांत उतरत. साहेबही रांगेत उभा असतो, हे पाहण्याची संधी त्यांना मिळाली.

अशा वेळी ऑलिम्पिक घेणे हे शहाणपणाचे काम होते काय? खुद्द लंडनच्या वर्तमानपत्रांतून हा प्रश्न विचारला गेला. लोकांना घरे नाहीत, आणि हे खेळ कसले भरवता, असा सूर होता. १९४० आणि १९४४ ची ऑलिम्पिके युद्धाने गिळली होती. १९४४ चा मान लंडनलाच मिळालेला होता. १९४६ मध्ये ऑलिम्पिक समितीने टपालाने मते मागवून १९४८ ची स्पर्धा लंडनकडे सोपवली. पंतप्रधान ॲटली यांच्या मजूर सरकारने होकार दिला. त्यामागे निव्वळ खेळाचे प्रेम नव्हते. परदेशी पाहुणे आले तर परकी चलन येईल, हाही हिशेब होता. हिशेबात वाईट काही नाही. पण हिशेबाबरोबर एक अटही होती: नवे काही बांधायचे नाही. जे आहे त्यात भागवायचे.

जे आहे त्यात

याआधीचे ऑलिम्पिक १९३६ मध्ये बर्लिनला झाले होते. हिटलरने त्यासाठी लाखभर प्रेक्षक मावतील असे दगडी स्टेडियम उभारले, खेळाडूंचे गाव वसवले, जगाला दिपवले. त्या दिमाखामागे काय शिजत होते, ते जगाला तीन वर्षांनी कळले. लंडनकडे दिमाखाला पैसाच नव्हता, आणि कदाचित त्यामुळेच लंडनचे भले झाले.

वेंब्ले स्टेडियम १९२३ पासून उभे होते. तिथे एरवी कुत्र्यांच्या शर्यती होत. शेवटची शर्यत संपल्यावर अवघ्या काही दिवसांत त्या जागेवर कोळशाच्या राखेची धावपट्टी अंथरण्यात आली. स्पर्धा संपताच ती उखडून पुन्हा कुत्री धावू लागली. शेजारच्या एम्पायर पूलमध्ये पोहण्याच्या स्पर्धा झाल्या आणि त्या संपल्यावर त्याच तलावावर मंच टाकून त्यावर मुष्टियुद्धाच्या लढती झाल्या. सायकलींच्या शर्यती हर्न हिलच्या जुन्या वाटोळ्या मैदानात झाल्या. तिथे दिव्यांची सोय नव्हती, त्यामुळे शेवटची शर्यत संधिप्रकाशात उरकावी लागली.

खेळाडूंसाठी गाव बांधले नाही. पुरुषांना अक्सब्रिज आणि वेस्ट ड्रेटन येथील हवाईदलाच्या छावण्यांत, रिचमंड पार्कच्या लष्करी छावणीत आणि सुट्टीमुळे रिकाम्या असलेल्या शाळांत ठेवले. स्त्रियांची सोय महाविद्यालयांच्या वसतिगृहांत केली. टॉवेल ज्याने त्याने आपला आणायचा होता. मैदानावर न्यायला लंडनच्या नेहमीच्या बसगाड्या होत्या.

खाण्याचे काय? सामान्य ब्रिटिश माणसाच्या वाट्याला दिवसाला सुमारे २,६०० उष्मांकाचे अन्न येत होते. खेळाडूंना गोदी कामगार आणि खाण कामगार यांच्याबरोबरीचे वाढीव रेशन मंजूर झाले, सुमारे ५,४६७ उष्मांकाचे. या तुलनेपाशी आम्हाला थोडे थांबावेसे वाटते. जगातील सर्वांत वेगवान धावपटूला काय द्यावे, हे ठरवताना त्या सरकारने मापदंड घेतला तो बोटीतले ओझे उतरवणाऱ्या हमालाचा. खेळाडूचे श्रम आणि मजुराचे श्रम एका तराजूत तोलले गेले. टंचाईच्या काळातच असा न्याय सुचतो की काय, कोण जाणे.

पाहुणेही रिकाम्या हाताने आले नाहीत. डेन्मार्कने १ लाख ६० हजार अंडी पाठवली. हॉलंड स्वतः युद्धाच्या अखेरच्या हिवाळ्यात उपासमारीतून गेलेला देश, त्याने शंभर टन फळे आणि भाजी दिली. चेकोस्लोव्हाकियाने खनिज पाण्याच्या वीस हजार बाटल्या दिल्या. अमेरिकनांनी आपले पांढरे पीठ आणि मांस स्वतःच आणले. उरलेले अन्न लंडनच्या इस्पितळांना वाटण्यात आले. सर्वांनी आपापल्या घरून डबा आणायचा, एकाच दस्तरखानावर उघडायचा आणि उरले ते दुबळ्याच्या घरी पोचवायचे, ही गोष्ट आमच्या वाचकांना परकी वाटणार नाही. ज्या महिन्यात ती घडली, तो महिनाही आपलाच होता.

सगळा खर्च झाला सुमारे ७ लाख ३२ हजार पौंड. हिशेब मिटवला तेव्हा २९ हजार पौंडांहून थोडी अधिक शिल्लक राहिली. स्पर्धेचे प्रक्षेपण करण्यासाठी बीबीसीने हजार गिनी मोजायचे ठरले होते.

कोणाला बोलावले, कोणाला नाही

पाहुणचाराची दुसरी बाजू आमंत्रणाची. जेवण किती साधे होते हे लोक विसरतात. आपल्याला बोलावले नव्हते, हे कधी विसरत नाहीत. लंडनने जर्मनी आणि जपान यांना आमंत्रण दिले नाही. सोव्हिएत रशियाने संघ पाठवला नाही. जखमा ताज्या होत्या, हे खरे. पण त्यातही एक विसंगती होती. वेंब्ले पार्क स्थानकापासून स्टेडियमपर्यंत जो नवा रस्ता बांधला गेला, तो जर्मन युद्धकैद्यांनी बांधला. ज्यांच्या देशाला पंगतीत जागा नव्हती, त्यांच्याच हातांनी पंगतीकडे जाणारी वाट तयार झाली. हा रस्ता आजही ‘ऑलिम्पिक वे’ या नावाने ओळखला जातो.

दुसऱ्या बाजूला काही देखणी दृश्येही होती. ग्रीसमध्ये यादवी चालू होती. ऑलिम्पियात ज्योत पेटली तेव्हा ती प्रथम हाती घेणाऱ्या ग्रीक सैनिकाने शस्त्र खाली ठेवले, अंगावरचा गणवेश उतरवला आणि खेळाडूच्या पोशाखात तो धावू लागला. हॉलंडची फॅनी ब्लँकर्स-कोन तीस वर्षांची होती, दोन मुलांची आई होती. या बाईने घरी बसून मुले सांभाळावीत, असे म्हणणारे कमी नव्हते. तिने चार सुवर्णपदके घेतली. अमेरिकेची ॲलिस कोचमन उंच उडीत जिंकली आणि ऑलिम्पिक सुवर्ण मिळवणारी पहिली कृष्णवर्णीय स्त्री ठरली. तिच्या स्वतःच्या गावात मात्र गोऱ्या आणि काळ्या मुलांच्या शाळा वेगळ्या होत्या.

आणि ज्या दिवशी वेंब्लेवर राजे सहावे जॉर्ज यांनी उद्घाटन केले, त्याच दिवशी लंडनबाहेर स्टोक मँडेव्हिलच्या इस्पितळात एक वेगळाच खेळ झाला. लुडविग गुटमन हे डॉक्टर मूळचे जर्मन ज्यू, हिटलरच्या छळातून निसटून इंग्लंडमध्ये आलेले निर्वासित. युद्धात पाठीचा कणा मोडलेल्या सोळा रुग्णांना त्यांनी चाकाच्या खुर्चीवर बसवून तिरंदाजीत उतरवले. एका निर्वासिताने अपंगांसाठी मांडलेल्या त्या छोट्या खेळातून पुढे पॅरालिम्पिक उभे राहिले. आपल्या सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात जखमी झाले आणि १९७२ मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये त्यांनी पोहण्यात सुवर्णपदक मिळवले. त्या पदकाचे मूळ शोधत गेले तर ते या इस्पितळाच्या हिरवळीवर सापडते.

फाळणीनंतरचे एक वर्ष

आता आपल्या संघाकडे येऊ. त्या उन्हाळ्यात हिंदुस्थानची स्थिती ब्रिटनपेक्षा बिकट होती. फाळणी होऊन वर्ष झाले नव्हते. लाखो माणसे मारली गेली होती, कोट्यवधी घरे सोडून निघाली होती. जानेवारीत गांधीजींचा खून झाला होता. आमच्या मराठवाड्याच्या जिल्ह्यांवर अजून निजामाचे राज्य होते. लंडनचे खेळ आटोपल्यावर महिनाभरात, सप्टेंबर १९४८ मध्ये, तिथे पोलीस कारवाई झाली. त्यानंतरच्या दिवसांत तिकडच्या गोरगरीब मुसलमानांवर काय ओढवले, ते त्या भागातील घराघरांत अजून सांगितले जाते. मुसलमान माणसाने आपण कोणत्या देशाचे आहोत, याचे उत्तर वारंवार द्यावे, अशी अपेक्षा सुरू झाली ती याच काळात.

अशा वर्षी स्वतंत्र भारताचा संघ पहिल्यांदा आपला तिरंगा घेऊन वेंब्लेवर चालला. झेंडा नागा टेकड्यांतून आलेल्या तालिमेरेन आव या फुटबॉलपटूच्या हातात होता. त्याच्या संघातले बहुतेक गडी अनवाणी खेळले. त्यात बंगलोरचा अहमद खान होता. ३१ जुलैला फ्रान्सने त्यांना २-१ असे हरवले. दोन पेनल्टी वाया गेल्या, नाहीतर निकाल वेगळा लागता.

हॉकीच्या संघाचे कर्णधार किशनलाल होते आणि मुंबईच्या हॉकीतून आलेल्या खेळाडूंचा त्यात मोठा भरणा होता. लिओ पिंटो, वॉल्टर डिसूझा, मॅक्सी वाझ, लॉरी फर्नांडिस ही नावे वाचली की मुंबईची जुनी मैदाने डोळ्यांपुढे येतात. पंजाबातून आलेले बलबीर सिंग होते, लाहोर सुटलेले केशव दत्त होते, अँग्लो-इंडियन लेस्ली क्लॉडियस होते. आणि अख्तर हुसेन व लतीफुर्रहमान हे दोन मुसलमान खेळाडू होते. कोणाचे घर सुटले होते, कोणाचे सुटण्याच्या बेतात होते. १२ ऑगस्टला वेंब्लेच्या ओल्या मैदानावर या संघाने ब्रिटनला ४-० असे हरवले. ज्यांचे राज्य कालपर्यंत आपल्यावर होते, त्यांच्याच राजधानीत त्यांच्याविरुद्ध मिळवलेला हा विजय होता. तीन दिवसांवर स्वातंत्र्याचा पहिला वाढदिवस होता.

याच स्पर्धेत पाकिस्तानचा संघही होता. त्याचे कर्णधार अली इक्तिदार शाह दारा हे बारा वर्षांपूर्वी बर्लिनला ध्यानचंद यांच्या संघातून हिंदुस्थानसाठी खेळले होते आणि सुवर्णपदकाचे मानकरी होते. उपांत्य फेरीत पाकिस्तानला ब्रिटनने २-० असे हरवले, म्हणून अंतिम सामन्यात हे दोन नवे देश समोरासमोर आले नाहीत. पाकिस्तान चौथा आला.

पुढे अख्तर हुसेन आणि लतीफुर्रहमान पाकिस्तानात गेले. १९५६ मध्ये मेलबर्नला दोन्ही देशांची अंतिम लढत झाली, भारत १-० असा जिंकला. या दोघांनी लंडनला भारताचे सुवर्णपदक घेतले होते, मेलबर्नला ते पाकिस्तानचे रौप्यपदक घेऊन परतले. समोरच्या संघात बलबीर, क्लॉडियस, रंगनाथन फ्रान्सिस, रणधीर सिंग जेंटल हे त्यांचे लंडनचे सोबती होते. आम्ही या दोघांना दोष देत नाही, त्यांची तरफदारीही करत नाही. माणूस देश का सोडतो, हे ज्याचे त्याला ठाऊक. आमचे म्हणणे एवढेच, की स्वतंत्र भारताच्या त्या पहिल्या सुवर्णपदकात त्यांचा वाटा होता आणि तो पुढच्या कोणत्याही घटनेने पुसला जात नाही. जे गेले त्यांच्या हिशेबात जे राहिले त्यांनाही धरायचे, ही चूक इतिहासाच्या नावाखाली फार वेळा झाली आहे.

कुस्तीच्या आखाड्यातही आपला एक माणूस होता. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव. त्यांच्या प्रवासाचा खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी उचलला होता. तांबड्या मातीत घडलेल्या या मल्लाला गादीवरची कुस्ती आणि तिचे नियम नवे होते. तरीही ते सहावे आले. चार वर्षांनी हेलसिंकीला त्यांनी कांस्यपदक मिळवले, स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. त्याच लंडनच्या कुस्तीत याशार दोगू, जलाल आतिक यांच्यासारख्या तुर्की मल्लांनी सहा सुवर्णपदके लुटली. कोल्हापूरच्या तालमीत वाढलेला गडी आणि अनातोलियाच्या खेड्यातला गडी एकाच छपराखाली लंगोट कसत होते. दोघांनाही रेशन तेच, गोदी कामगाराचे.

जुन्या किल्ल्यासमोर

लंडनच्या या स्पर्धेतून आपल्या देशात एक बीज आले. ८ ऑगस्ट १९४८ रोजी, ईदच्या आगेमागेच, लंडनच्या माउंट रॉयल हॉटेलात गुरुदत्त सोंधी यांनी आशियाई देशांच्या प्रतिनिधींना एकत्र बोलावले. आशियाने आपले स्वतःचे खेळ भरवावेत, ही कल्पना त्यांनी मांडली. त्यातून मार्च १९५१ मध्ये दिल्लीत पहिले एशियाड झाले. अकरा देश आले, त्यांत इराण, अफगाणिस्तान आणि इंडोनेशियाही होते. पाकिस्तान आला नाही.

त्या वर्षी आपल्याकडे धान्याची इतकी टंचाई होती, की अमेरिकेकडे गहू मागावा लागला. स्पर्धा आधी १९५० मध्ये व्हायच्या होत्या, त्या तयारीअभावी पुढे ढकलाव्या लागल्या. अखेर १९३३ सालचे आयर्विन अँफिथिएटर डागडुजी करून ‘नॅशनल स्टेडियम’ झाले आणि खेळाडूंची सोय लष्करी बराकीत केली गेली. लंडनचाच धडा दिल्लीने गिरवला.

आता या स्टेडियमची जागा लक्षात घ्या. त्याच्या समोर पुराना किला आहे. सप्टेंबर १९४७ मध्ये दिल्ली पेटली तेव्हा हजारो मुसलमान कुटुंबे जीव वाचवण्यासाठी त्या किल्ल्यात आणि हुमायूनच्या मकबऱ्याच्या आवारात जाऊन राहिली होती. पावसात, चिखलात, पाण्याच्या एका नळापुढे रांगा लावून. त्यांतली कितीतरी माणसे तिथूनच आगगाडीत बसून पाकिस्तानला गेली, काही परत आपल्या मोहल्ल्यात आली. नंतर त्याच किल्ल्यात पश्चिम पंजाबातून आलेल्या हिंदू-शीख निर्वासितांना आसरा मिळाला. साडेतीन वर्षांनी त्याच भिंतींसमोर राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांनी खेळांचे उद्घाटन केले. फुटबॉलच्या अंतिम सामन्यात साहू मेवालाल यांच्या गोलने भारताने इराणला हरवले.

आणि दिल्लीने एक गोष्ट लंडनहून वेगळी केली. तिने जपानला बोलावले. लंडनने ज्याला दाराबाहेर ठेवले होते, त्याला दिल्लीने पंगतीत बसवले. जपानने २४ सुवर्णपदके घेऊन पहिला क्रमांक मिळवला आणि यजमानांनी टाळ्या वाजवल्या. पाहुणा आपल्यापेक्षा जास्त जेवला म्हणून खट्टू होणारा यजमान तो नव्हे. आमच्या मते गरीब स्वतंत्र भारताच्या त्या वर्षांतला हा एक मोठा क्षण होता, आणि त्याचा उल्लेख फार थोड्या ठिकाणी होतो.

आजचा हिशेब

त्यानंतर ऑलिम्पिकचा थाट वाढत गेला. मॉन्ट्रियलने १९७६ मध्ये स्पर्धा भरवल्या आणि त्यांचे कर्ज फिटले २००६ मध्ये. खुद्द लंडनने २०१२ मध्ये पुन्हा यजमानपद घेतले, तेव्हा सरकारी तिजोरीतून नऊ अब्ज पौंडांच्या आसपास खर्च झाला. योगायोग असा, की तेव्हाही रमजानच होता. दिल्लीत २०१० मध्ये राष्ट्रकुल स्पर्धा झाल्या त्या वेळी खर्च अंदाजाच्या किती तरी पट झाला. गैरव्यवहारांच्या चौकशा झाल्या आणि शहर सुंदर दिसावे म्हणून गोरगरिबांच्या झोपड्या हलवण्यात आल्या. आता २०३० च्या राष्ट्रकुल स्पर्धा अहमदाबादला मिळाल्या आहेत आणि २०३६ च्या ऑलिम्पिकसाठीही भारताने हात पुढे केला आहे.

खेळ व्हावेत. आमच्या मोहल्ल्यातल्या पोरांनाही ते बघायचे आहेत, त्यात उतरायचे आहे. आम्ही गरिबीचे गोडवे गात नाही. लंडनच्या लोकांनाही रेशनची हौस नव्हती. ते उठले त्या दिवशी त्यांनी आनंदच केला. शिवाय काटकसर म्हणजे कंजूषपणा नव्हे, हे आपल्याला लहानपणापासून शिकवले गेले आहे. आपल्याकडे इस्राफही वाईट आणि बुख्लही वाईट. उधळपट्टीतही माणूस दुसऱ्याचा हक्क मारतो आणि कद्रूपणातही. १९४८ च्या लंडनने या दोहोंच्या मधली वाट काही काळ चालून दाखवली: जुने मैदान, शाळेतली खाट, हमालाचे रेशन, उरलेले इस्पितळाला.

त्या लंडनचे चुकले कुठे, तेही आपण पाहिले. पैशाअभावी जे कमी पडले, त्याची तक्रार आज कोणी करत नाही. टॉवेल घरून आणावा लागला, हे खेळाडू म्हातारपणी हसत सांगत. उणेपणा राहिला तो आमंत्रणाच्या यादीत, आणि तो दिल्लीने आपल्या परीने भरून काढला.

म्हणून पुढच्या वेळी आपल्या देशात असे खेळ भरतील तेव्हा स्टेडियम किती लाखांचे आहे, एवढेच विचारून थांबू नये. आणखी काही विचारावे. ते बांधताना कोणाचे घर उठले? रस्ता तयार करणाऱ्या मजुराला काय खायला मिळाले? आणि आत जाताना सर्वांना सारखेच ‘या, बसा’ म्हटले गेले काय? अख्तर आणि लतीफ यांना १९४८ च्या त्या कडवट वर्षातही भारताच्या संघात जागा मिळाली होती. हॉकी खेळता येते की नाही, एवढेच बहुधा निवडणाऱ्यांनी पाहिले असावे. त्या वर्षी देशाच्या पिठाच्या डब्यात फारसे काही नव्हते. तरी चटई टाकलेली होती.